एकदा रांधा, तीन भिंतींवर वाढा: टचडिझायनरमधले अनेक आउटपुट

कार्यक्रमाच्या तयारीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "व्हिज्युअल्सचे आउटपुट किती?" एलईडी वॉलवाला म्हणतो, "एक." त्याला माझ्या मशीनमधून एकच केबल घ्यायची असते. नेपथ्यकार म्हणतो, "तीन." त्याच्या आराखड्यात एक मोठी भिंत आणि दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या असतात. मी मनात म्हणतो, दोन. कारण माझा शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, एका दमात रंग आणि मास्क (कुठला भाग निवडायचा ते सांगणारं पांढरं-काळं चित्र) अशी दोन चित्रं काढणार असतो. तिघंही बरोबर असतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

'आउटपुट' या एका शब्दात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. दृश्य किती ठिकाणांहून बघायचं, हा कॅमेऱ्याचा प्रश्न. एका बघण्यातून किती प्रकारची माहिती काढायची, हा बफरचा, म्हणजे ती माहिती चित्रासारखी साठवणाऱ्या जागेचा. आणि तयार चित्र किती पडद्यांवर पोचवायचं, हा केबलचा. हे तीन आकडे एकमेकांवर अवलंबून नसतात. तीन भिंतींना एक कॅमेरा पुरू शकतो आणि एकाच भिंतीला चार बफर लागू शकतात. हे एकदा वेगळं केलं की बाकीची आखणी बरीच सोपी होते.

टचडिझायनर हे वायरी जोडून ग्राफिक्स बनवायचं सॉफ्टवेअर. टोरोंटोच्या डेरिव्हेटिव्ह कंपनीचं. ही कंपनी २००० साली सुरू झाली आणि तिची मुळं हुडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या घरातली. कोडच्या ओळी लिहिण्याऐवजी इथे पडद्यावर छोटे डबे मांडायचे आणि ते वायरींनी जोडत जायचं. डबा म्हणजे नोड. चित्रांवर काम करणाऱ्या नोडना टॉप म्हणतात आणि त्यांचं काम ग्राफिक्स कार्डवर चालतं. त्यातला रेंडर टॉप आपल्या कामाचा: कुठल्या वस्तू, कुठला कॅमेरा, कुठले दिवे एवढं सांगितलं की तो त्या थ्रीडी दृश्याचं सपाट चित्र काढून देतो. मॅक्समधलं जिटर किंवा जर्मनीत जन्मलेलं व्हीफोर अशा दुसऱ्या नोडवाल्या सॉफ्टवेअरमध्ये नोडांची नावं वेगळी, पण खालचं बहुतेक सगळं तिथेही लागू पडतं.

नोडनं आपलं काम केलं की टचडिझायनरच्या भाषेत तो 'कुक' झाला. शब्द नेमका आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळा स्वयंपाक उरकून पानं वाढून झाली पाहिजेत. शिवाय हे स्वयंपाकघर मागणीवर चालतं. शेवटची विंडो चित्र मागते, तिच्या मागचा नोड त्याच्या मागच्याकडे मागतो, आणि असं करत मागणी रेंडरपर्यंत पोचते. कोणी मागितलंच नाही तर चूल पेटत नाही. एका रेंडर टॉपमधून तीन वायरी काढल्या तर तो फ्रेममध्ये एकदाच कुक होतो आणि तिघांना तेच चित्र मिळतं. पण 'तीन भिंती आहेत ना' म्हणून तोच नोड कॉपी-पेस्ट करून तीन ठेवले, तर अख्खं दृश्य तीनदा शिजतं. नवशिक्यांची जड झालेली फाइल उघडली की मी आधी हेच शोधतो.

आणखी एक. एडिटर उघडा असताना नोडांवर जी छोटी चित्रं हलत असतात, तीही मागणीच असते. त्यामुळे तिथे दिसणारा फ्रेम रेट पूर्ण खरा नसतो. परफॉर्म मोडमध्ये एडिटर बाजूला होतो आणि फक्त आउटपुटची विंडो उरते; आकडा तिथे मोजायचा.

भिंतीपासून मागे यायचं

मी काम उलट्या टोकाकडून सुरू करतो. आधी भिंत, मग केबल, मग चित्र, सगळ्यात शेवटी थ्रीडी दृश्य.

समजा मुख्य भिंत ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या १ मीटर रुंद आणि तेवढ्याच उंच. भाड्यानं मिळणारे एलईडी पॅनेल पुष्कळदा ५०० मिलिमीटर चौरस असतात. 'पी ३.९१' म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर, म्हणून एका पॅनेलवर १२८ बाय १२८ पिक्सेल बसतात. मुख्य भिंतीत १२ बाय ६ पॅनेल, म्हणजे १५३६ बाय ७६८ पिक्सेल. प्रत्येक पट्टीत २ बाय ६ पॅनेल, म्हणजे २५६ बाय ७६८.

एवढी मोठी भिंत आहे तर फोर-के पाठवा, असं सांगणारे भेटतात. भिंतीचा आकार मीटरमध्ये कितीही असो, तिच्यात जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच दिसणार. इथे तिन्ही मिळून १५,७२,८६४ आहेत. फुल एचडीच्या एका सिग्नलमध्ये २०,७३,६०० मावतात. म्हणजे एकच केबल पुरावी. पण तिन्ही भिंती शेजारी शेजारी मांडल्या तर रुंदी होते २५६ अधिक १५३६ अधिक २५६, म्हणजे २०४८. सिग्नलची रुंदी १९२०. नेमकं एका पॅनेलएवढं, १२८ पिक्सेलचं, चित्र बाहेर राहतं!

इथे सोपा वाटणारा मार्ग म्हणजे चित्र दाबून १९२० मध्ये बसवायचं आणि एलईडी प्रोसेसरला, म्हणजे सिग्नल घेऊन पॅनेलना वाटणाऱ्या यंत्राला, ते ताणून घ्यायला सांगायचं. तो घेऊ नये. एकदा दाबलेलं आणि पुन्हा ताणलेलं चित्र मऊ पडतं, आणि प्रायोजकाच्या नावाच्या कडा सगळ्यांत आधी उघड्या पडतात. चांगला मार्ग असा की, कुठल्या पॅनेलनं सिग्नलचा कुठला तुकडा उचलायचा हे एलईडी प्रोसेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका पॅनेलला सांगता येतं. मग मुख्य भिंत सिग्नलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवायची. तिच्याखाली १०८० वजा ७६८, म्हणजे ३१२ ओळी उरतात. प्रत्येक पट्टीचे २५६ बाय २५६ चे तीन चौकोन करायचे आणि ते खाली आडवे लावायचे. दोन पट्ट्यांचे सहा चौकोन मिळून १५३६ बाय २५६. सगळा ऐवज १५३६ बाय १०२४ मध्ये बसतो, शिवाय थोडी जागाही उरते. बॅग भरताना मोजे बुटांत कोंबतो, तसंच हे.

यातून दोन वेगळे कॅनव्हास तयार होतात आणि ते मनात वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. पहिला कल्पनेतला: २०४८ बाय ७६८, जिथे पक्षी डाव्या पट्टीतून उडतो, मुख्य भिंत ओलांडतो आणि उजव्या पट्टीत नाहीसा होतो. दुसरा केबलमधला: १९२० बाय १०८०, ज्यात सगळं तुकड्यांत कोंबलेलं आहे आणि जो माणसानं बघण्यासाठी नाहीच. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्रॉप टॉपनं कापायचं आणि तुकडे योग्य जागी ठेवायचे. बस. त्यानंतर एकही इफेक्ट लावायचा नाही.

हा नियम मी चूक करून शिकलो. शेवटच्या क्षणी चित्र जरा स्वप्नाळू करावं म्हणून मी अगदी शेवटच्या नोडवर ब्लर लावला, म्हणजे पॅकिंगच्या नंतर. मुख्य भिंतीच्या तळाशी लख्ख पांढरी जमीन होती. तिचा उजेड खालच्या सहा चौकोनांच्या माथ्यावर गळला, आणि भिंतीवर प्रत्येक पट्टीत तीन ठिकाणी पांढरट आडवे पट्टे उमटले. आम्ही पाऊण तास पॅनेल आणि केबली बदलत बसलो. पॅनेल निर्दोष होते.

भिंतींमध्ये मोकळी जागा असेल तर तीही पहिल्या कॅनव्हासमध्ये मोजायची. मुख्य भिंत आणि पट्टी यांच्यात अर्धा मीटर अंतर असेल, तर तिथे १२८ पिक्सेलची न दिसणारी पट्टी सोडायची. दोन्ही बाजू धरून कॅनव्हास २३०४ रुंद होतो. मग पक्षी त्या फटीमागून गेल्यासारखा वाटतो. नाहीतर तो एका भिंतीवरून दुसरीवर टुणकन उडी मारतो.

हे सगळे आकडे नोडांमध्ये विखुरलेले नसावेत. एका टेबल डॅटमध्ये, म्हणजे तक्ता ठेवणाऱ्या नोडमध्ये, प्रत्येक तुकड्याची एक ओळ: नाव, कुठून कापायचा, किती रुंद, किती उंच, कुठे ठेवायचा. क्रॉप नोडांनी आकडे तिथूनच घ्यायचे. आदल्या रात्री फोन येतो की भिंत ६ ऐवजी साडेपाच मीटरची उभी राहतेय, तेव्हा टेबलातल्या दोन-तीन ओळी बदलून झोपायला जाता येतं. शिकणाऱ्यांसाठी एक सूचना: टचडिझायनरची फुकट आवृत्ती १२८० बाय १२८० वर थांबते. त्यामुळे सराव निम्म्या मापावर, १०२४ बाय ३८४ च्या कॅनव्हासवर करावा. रचना तीच राहते.

कॅमेरा एक की तीन?

तिन्ही भिंती एका रेषेत असतील तर एकच रुंद कॅमेरा लावायचा आणि चित्र कापायचं. तीन कॅमेरे शेजारी ठेवून तीन चित्रं जुळवायला गेलं की सांध्यावर क्षितिज मोडतं, कारण प्रत्येक कॅमेऱ्याची दृष्टी वेगळ्या दिशेला झुकलेली असते.

भिंती कोनात असतील, म्हणजे खोलीसारख्या, तर गोष्ट बदलते. खिडकीच्या डाव्या कडेला उभं राहून बाहेर पाहा. खिडकीची चौकट तुमच्यासमोर मधोमध नाही, तुम्हाला बाहेरचं उजवीकडचं जास्त दिसतं, पण म्हणून चौकट काही वाकडी होत नाही. प्रत्येक भिंत अशी एक खिडकी आहे असं धरायचं. सगळे कॅमेरे बघणाऱ्याच्या डोळ्याच्या एकाच जागी ठेवायचे, प्रत्येकाचं तोंड आपापल्या भिंतीशी काटकोनात ठेवायचं, आणि फक्त दृष्टीची चौकट बाजूला सरकवायची. कॅमेरा वळवायचा नाही. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी १९९२ मध्ये 'केव्ह' नावाची खोली दाखवली, तिच्या भिंतींवरची चित्रं याच तत्त्वावर चालत होती, आणि तिथे बघणाऱ्याच्या डोक्याची जागा सतत मोजून चौकट सरकत असे.

यातली मेख अशी की हा हिशोब एकाच डोळ्यासाठी बरोबर असतो. पाचशे प्रेक्षकांच्या सभागृहात तो कोणाचा धरायचा? म्हणून स्टेजवरच्या जरा वळवलेल्या पट्ट्यांसाठी मी हा खटाटोप करत नाही. भिंती उलगडून सरळ केल्या असं समजून एकाच कॅमेऱ्यातून कापतो. बघणारा कुठे उभा राहणार हे ठरलेलं असेल, एखाद्या छोट्या संग्रहालयातल्या खोलीसारखं, तरच अनेक कॅमेरे. तेव्हा एकाच रेंडर टॉपला अनेक कॅमेऱ्यांची नावं देता येतात आणि बाकीची चित्रं रेंडर सिलेक्ट टॉपनं काढून घेता येतात. काम मात्र वाढतं, कारण प्रत्येक कॅमेऱ्यासाठी दृश्याचे पिक्सेल नव्यानं रंगवावे लागतात.

एका दमात दोन चित्रं

आता माझा 'दोन' हा आकडा. समजा दृश्यात पन्नास वस्तू आहेत आणि फक्त एका दिव्याभोवती झळाळी हवी आहे. झळाळी म्हणजे चित्राचा उजळ भाग पसरट करून मूळ चित्रावर चढवणं. पण चित्रात पांढरी भिंतही उजळ आहे, तीसुद्धा झळाळू लागते. म्हणजे 'हा पिक्सेल दिव्याचा' असं सांगणारं दुसरं चित्र हवं, पांढरं-काळं. त्यासाठी अख्खं दृश्य दुसऱ्यांदा रेंडर करता येईल. पण कार्डानं प्रत्येक पिक्सेलजवळ जाऊन, तिथे कुठली वस्तू पुढे आहे हे शोधून, रंग लिहिला तेव्हाच शेजारच्या कागदावर मास्कही लिहिला तर? दुसऱ्या फेरीची गरजच उरत नाही.

याला एकापेक्षा जास्त रेंडर टार्गेट म्हणतात. रेंडर टॉपमध्ये कलर बफरची संख्या वाढवायची, शेडरमध्ये तेवढे आउटपुट जाहीर करायचे, आणि मग प्रत्येक बफर रेंडर सिलेक्टनं वेगळा काढायचा. विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीच्या, डायरेक्टएक्सच्या, ९ व्या आवृत्तीच्या काळात अशी चार टार्गेट मिळत, १० पासून आठ. रंगाशिवाय पृष्ठभागाची दिशा, कॅमेऱ्यापासूनचं अंतर, वस्तूचा क्रमांक असं काहीही साठवता येतं. अशा साठ्याला जी-बफर हे नाव ताकाफुमी साइतो आणि तोकिइचिरो ताकाहाशी यांनी १९९० मध्ये दिलं. त्यांना थ्रीडी आकारांच्या बाह्यरेषा ठळक करून ते समजायला सोपे करायचे होते. आजही कार्टूनसारखी काळी बाह्यरेषा हवी असेल तर हाच मार्ग: अंतरात किंवा दिशेत जिथे अचानक उडी दिसते, तिथे रेघ.

पहिली ठेच बफरच्या प्रकाराची. नेहमीचा ८ बिटचा बफर ० ते १ मधलेच आकडे ठेवतो, तेही २५६ पायऱ्यांत. पृष्ठभागाची दिशा उणे १ ते अधिक १ अशी असते, म्हणजे उणे भाग सरळ शून्य होतो आणि वस्तूची एक बाजू मेल्यासारखी दिसते. म्हणून उणे आणि अपूर्णांकी आकडेही ठेवणारा फ्लोट बफर घ्यायचा. पण सगळीकडे ३२ बिट फ्लोट लावायचा मोह आवरा. फुल एचडीचं एक ८ बिट चित्र सुमारे ८.३ एमबी असतं. चार बफर ३२ बिट फ्लोटमध्ये घेतले तर सुमारे १३३ एमबी, आणि ते प्रत्येक फ्रेमला लिहायचे, वाचायचे. मला १६ बिट फ्लोट बहुतेक वेळा पुरतो.

दुसरी ठेच जास्त फसवी. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून अँटिअलायझिंग चालू असतं. ते कडेच्या पिक्सेलमध्ये दोन्ही बाजूंची सरासरी घेतं. रंगांची सरासरी छान दिसते. पण क्रमांकांची सरासरी म्हणजे काय? २ नंबरची खुर्ची आणि ६ नंबरचा दिवा यांच्या कडेवर ४ नंबर तयार होतो, आणि ४ नंबर असतो भलत्याच झाडाचा. मग खुर्चीच्या कडेला हिरवी किनार का येतेय ते कोणाला कळत नाही. क्रमांकाचा बफर अँटिअलायझिंग बंद असलेल्या वेगळ्या रेंडरमधून काढावा. इथे दुसरी फेरी परवडते.

तिसरी म्हणजे, दृश्यातल्या एखाद्या वस्तूचा शेडर दुसऱ्या आउटपुटमध्ये काही लिहीतच नसेल, तर तिथे काय येईल याची हमी नाही. एका कार्डवर काळं, दुसऱ्यावर कचरा. मास्क नको असला तरी शून्य लिहा. काचेसारख्या पारदर्शक वस्तूंसाठी जी-बफर जवळपास निरुपयोगी आहे, कारण एका पिक्सेलमध्ये काच आणि तिच्यामागचं फूल अशा दोघांची दिशा मावत नाही. त्या वस्तू मागाहून वेगळ्या चढवायच्या.

केबलीपाशी

विंडो कॉम्प नावाचा नोड चित्र पडद्यावर पाठवतो. तीन पडदे, म्हणून तीन विंडो उघडणं साहजिक वाटतं, आणि फ्रेम रेट तिथेच बसतो: प्रत्येक विंडो आपापल्या पडद्याच्या ठोक्याची वाट बघू लागते. दोन-तीन केबली लागणारच असतील तर सगळ्या पडद्यांवर पसरलेली एकच मोठी विंडो उघडावी. सगळे पडदे एकाच कार्डवर आणि एकाच रिफ्रेश रेटवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्याच वेळा चित्र बदलणारे, हवेत. एक ६० हर्ट्झवर आणि दुसरा ५९.९४ वर असला तर साधारण दर सतराव्या सेकंदाला एक फ्रेम सरकते. चित्र संथपणे आडवं सरकत असताना तो हलका धक्का नेमका दिसतो. एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांवरचं मोझेक अनेक पडदे विंडोजला एकच पडदा म्हणून दाखवतं, ते मोठ्या कामात उपयोगी.

वर आपण तिन्ही भिंती एका सिग्नलमध्ये कोंबल्या त्याचा खरा फायदा इथे मिळतो: एकच सिग्नल असल्यामुळे भिंती एकमेकींच्या मागे-पुढे पडूच शकत नाहीत.

विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्क्यांवर आणायचं. कोणीतरी केबल काढून परत लावली की पडद्यांचा क्रम बदलतो आणि तुमचा डेस्कटॉप मुख्य भिंतीवर झळकतो. यावर ईडीआयडी एम्युलेटर नावाचा छोटा ठोकळा मिळतो. तो मॉनिटर जोडलेला असल्याचं सोंग वठवत राहतो. त्याच मशीनवरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला चित्र द्यायचं असेल तर विंडोजवर स्पाउट, मॅकवर सायफन. दुसऱ्या मशीनला नेटवर्कवरून द्यायचं तर एनडीआय, पण त्याला थोडा उशीर लागतो.

प्रोजेक्टरांचं वेगळंच शास्त्र आहे, थोडक्यात सांगतो. १९२० रुंदीचे दोन प्रोजेक्टर ३८४ पिक्सेलनं एकमेकांवर चढवले तर कॅनव्हास ३४५६ होतो. चढलेल्या भागात एकाचा उजेड कमी होत जातो, दुसऱ्याचा वाढत जातो. हा उतार सरळ रेषेत दिला तर मधोमध काळपट पट्टा दिसतो, कारण सिग्नल निम्मा केला की प्रोजेक्टरचा उजेड साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. दोघांचे मिळून निम्म्याहूनही कमी. सिग्नल आणि उजेड यांचं हे वाकडं नातं म्हणजे गॅमा; तो २.२ धरला तर मध्यावर सिग्नल ०.५ नाही, सुमारे ०.७३ ठेवावा लागतो.

सभागृहात पोचल्यावर कुठलंही सुंदर चित्र लावायच्या आधी टेस्ट पॅटर्न लावतो. प्रत्येक भिंतीवर तिचं नाव आणि वर दाखवणारा बाण, कडेनं एक पिक्सेलची चौकट, मधे वर्तुळ, आणि पॅनेलच्या मापाची, १२८ ची जाळी. वर्तुळ अंडाकृती दिसलं तर कुठेतरी ताणलं जातंय. चौकटीची एक बाजू गायब असेल तर क्रॉप एका पिक्सेलनं चुकलाय. पट्टीचे तुकडे वरखाली झाले असतील तर बाण आणि जाळीचे क्रमांक लगेच चुगली करतात, आणि हे सगळं प्रोसेसरवाल्याला बोट दाखवून सांगता येतं.

बैठकीत कोणीच न मोजलेला एक आउटपुट उरतो: माझ्या समोरचा प्रिव्ह्यू. केबलमधला तुकड्यांचा कॅनव्हास बघून मध्यरात्री काहीच कळत नाही, म्हणून प्रिव्ह्यूसाठी कल्पनेतला, सलग कॅनव्हास घेतो, लहान मापाचा. तो त्याच रेंडरमधून निघतो, त्यामुळे जवळपास फुकट पडतो. त्याची मात्र वेगळी विंडो उघडत नाही. सिग्नलच्या उजवीकडे ३८४ पिक्सेलची रिकामी जागा आहे आणि भिंतीवरचं एकही पॅनेल तिथून चित्र उचलत नाही. २०४८ चा चौथा हिस्सा ५१२, तो तिथे मावत नाही. पण ३८४ बाय १४४ चा छोटा प्रिव्ह्यू नीट बसतो. प्रोसेसरकडे जाणाऱ्या केबलीवर स्प्लिटर लावून तो कोपरा माझ्या टेबलावरच्या जुन्या मॉनिटरवर घेतला की झालं. नेपथ्यकार सहज मागे येऊन उभा राहतो आणि विचारतो, "हा चौथा आउटपुट कुठला?"